धुक्यातली चौकशी

डोंगरावरच्या त्या गावात पहिलं हॉटेलसुद्धा झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या तळ्याकाठी एक टिटवी राहायची. कोणाकडे कोण आलं, कोणी काय खाल्लं, सगळं तिला आपल्या दगडावरून दिसायचं. समोरच्या काठावर एका पायावर उभ्या असणाऱ्या बगळिणीबद्दल तर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "थंडी पडली की हिचा तोरा वाढतो. जागची हलत नाही."

पौष लागला आणि धुकं असं उतरलं की डोंगर दिसेनात, तळं दिसेना, समोरचा काठही दिसेना. टिटवीला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी न राहवून ती काठाकाठानं चालत निघाली.

"बगळीणबाई, आहात ना? म्हटलं, चौकशी करावी."

"आहे की, या," बगळिणीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पायात गळाचा दोरा रुतलाय. पाय टेकवत नाही. जवळ येतील ते किडे खाऊन दिवस काढतेय."

"कधीपासून?"

"पंधरवडा झाला."

"अगं बाई, मी तर रोज बघत होते तुम्हाला."

"हो, तुम्ही बघताना दिसायचात मला," बगळीण म्हणाली. "म्हटलं, येतील कधीतरी."

खाली बसून टिटवीनं दोरा चोचीत धरला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गवतावरचं गोठलेलं दव चमकू लागलं, डोंगर तळ्यात उलटे उतरले आणि सगळे पक्षी ते बघायला काठावर जमले. टिटवीची मात्र तळ्याकडे पाठ होती. दोऱ्याची शेवटची गाठ तेवढी सुटायची राहिली होती.