प्रधानजींची शाल

त्या दिवशी थंडी अशी होती, की दरबारातले मानकरीसुद्धा हात काखेत धरून बसले होते. राजाने गावोगाव दातांचे वैद्य नेमले होते. त्या धोरणाचा उपयोग किती झाला, हे तपासून प्रधानजी नुकतेच परतले होते.

"महाराज, वडनेरला म्हातारी माणसंसुद्धा दातांनी ऊस सोलतात," ते म्हणाले. "कुणाचाच दात दुखत नाही. मग वैद्य कशाला पोसायचे? सगळे परत बोलवा."

वडनेरचे म्हातारे भिवबा गुरव गावातर्फे आले होते. वैद्य येण्याआधी दाढदुखीनं कण्हत रात्र काढणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ते दिवस पुन्हा येणार, हे त्यांना कळलं. ते सावकाश पुढे झाले.

"प्रधानजी, थंडी वाजते का हो?"

प्रधानजींनी अंगावरची जाड शाल सावरली. "मला? मुळीच नाही."

"मग ती शाल द्या मला. थंडीच वाजत नाही, तर पांघरायची कशाला?"

"अहो म्हातारबा, शाल आहे म्हणूनच थंडी वाजत नाही."

"आमच्या दातांचंही तसंच आहे," भिवबा म्हणाले. "वैद्य आहे म्हणून दुखत नाहीत."

राजा मनापासून हसला आणि म्हणाला, "वैद्य आहेत तिथेच राहतील."

भिवबा कुडकुडत गावी पोचले, तेव्हा बातमी त्यांच्याआधीच आली होती. शेजारच्या सगुणाबाईंनी शेकोटीपाशी त्यांना जागा करून दिली, उसाचं कांडं हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "शाल न घेताच आलात भिवबा, पण सगळ्या गावाला पांघरूण घालून आलात."