आधी लेकराचा घास

खैरवाडीच्या मारुतीच्या पारावर त्या साली निरंजन महाराजांचा मुक्काम होता. पाऊस दोन वर्षे रुसलेला. महाराज भिक्षेला निघत, पण त्यांची अट विचित्र: ज्या घरातले धाकटे लेकरू अजून जेवले नाही, त्या घरची भाकर ते घेत नसत. गावची रीत नेमकी उलटी! आधी कर्ते पुरुष, मग बाया, आणि उरलेसुरले पोरांना. साहजिकच महाराजांची झोळी बहुतेक दारांतून रिकामीच परते.

राजाईचे दार तेवढे वेगळे. ही विधवा गवत कापून पोट भरी. महाराजांच्या सांगण्यावरून ती लेक येसूला आधी जेवू घाली आणि रोज दळायला बसताना मूठभर बाजरी एका लहान मडक्यात टाकी. पाच वर्षांची येसू शेवग्यासारखी वाढत होती.

हेच दाजीबा देशमुखांना खुपू लागले. त्यांचा नातू त्याच वयाचा, पण जेमतेम येसूच्या खांद्याला लागे; हातपाय काड्या, पोट तेवढे पुढे. आणि घरात तर धान्याची माणसाहून उंच कणगी! पण दाजीबांचा सख्ख्या सुनेवरही विश्वास नव्हता. कणगीचे तोंड ते स्वतः शेणाने लिंपत आणि ओल्या शेणात आपल्या अंगठीची खूण उमटवत. धान्याला ऊन दाखवू या, असे सुनेने दोनदा सुचवले, तेव्हा हिच्या माहेरी धान्य जायचे असेल, असे त्यांना वाटले. तिला रोजचे दाणे एका पोत्यातून बेताने मिळत.

"गवत कापणारीची पोर अशी फोफावते कशी?" त्यांनी चावडीवर विचारले. "माझी कणगी फोडल्याबिगर हे व्हायचं नाही. आन् तो गोसावी तिला सामील हाय."

संशयाला औषध नसते. कालपर्यंत पाया पडणारेही महाराजांची झोळी निरखू लागले. कणगी उघडून पाहायची आणि चोरी निघाली तर मायलेकींनी गाव सोडायचे, असे ठरले. दुष्काळात लेकराला घेऊन राजाई जाणार कुठे? ती महाराजांच्या पायाशी येऊन रडली.

महाराज म्हणाले, "उघडू दे दाजीबाला कणगी. तू तुझे मडके घेऊन चल."

सारे गाव देशमुखांकडे जमले. दाजीबांनी खुणेला डोळा लावला. खूण शाबूत होती. मागून भोक पाडले असेल, असे पुटपुटत त्यांनी लिंपण फोडून हात घातला. हाताला लागला भुसा, आणि वळवळणारे सोंडकिडे. कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती, पण खाण्याजोगा दाणा एक नव्हता.

सून हळूच म्हणाली, "मामंजी, पोत्यातलं काल संपलं. पोरगं उपाशी हाय."

महाराज राजाईला म्हणाले, "आधी याच्या नातवाला दे."

जी बाई चोर ठरायची होती, तिने मडके कलते केले. सुनेचे सूप भरले. मग गावातल्या एकेका आईचे सूप भरत गेले, आणि मडके होते तेवढेच! दाजीबांना तरीही यात काही डाव दिसत होता. त्यांनी मडके खालून निरखले, वाजवले, शेवटी कोपरापर्यंत हात आत घातला. वीतभर मडके ते, पण तळ लागेना. घाबरून हात बाहेर ओढला, तर बोटातली अंगठी नव्हती.

"राहू दे तिथेच," महाराज म्हणाले.

दाजीबांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि मग, सगळ्यांदेखत, राजाईपुढे हात जोडले. त्या दुपारी नातवाच्या ताटात पहिली भाकर त्यांनी स्वतः कुस्करली. पोर जेवून उठेपर्यंत ते उपाशी बसून राहिले. मगच महाराजांनी त्या दाराशी झोळी पसरली.