तळ्यातला बगळा खाडीवर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक जुने तळे होते आणि त्या तळ्यात एक बगळा राहत असे. म्हणजे झोपायला तो काठावरच्या बाभळीवर जाई, पण उरलेला सगळा दिवस एका चपट्या दगडाशेजारी एका पायावर उभा असे. मासे पकडण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

त्याचे चार नियम होते. सूर्य उगवताच जागेवर हजर व्हावे. आपली सावली मागे पडेल असे उभे राहावे. एकदा उभे राहिल्यावर काही झाले तरी हलू नये. आणि मासा फारच भाव खाऊ लागला, तर पाण्यावर एक नाकतोडा टाकून गप्प बसावे. मासा नाकतोड्याला येतो आणि आपण माशाला. मुलांनो, हे नियम चांगले होते, हे मला कबूल केलेच पाहिजे. तळ्यातल्या बेडकांनाही ते तोंडपाठ होते, आणि बेडूक तर बिचारे मासे पकडतही नाहीत.

एका वर्षी त्या तळ्यात जलपर्णी शिरली. आधी कोपऱ्यात चार पाने दिसली, मग निळी फुले आली, आणि दोन महिन्यांत पाणी म्हणून काही दिसेनासे झाले. बगळ्याने आणखी आठ दिवस नियमाप्रमाणे उभे राहून पाहिले. शेवटी त्याची बायको बगळी म्हणाली की पानांकडे बघून पोट भरत नाही, आणि ती उडालीच. मग बगळाही मागोमाग उडाला. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खाडीवर तिवराच्या एका झाडावर त्यांनी घरटे बांधले. तोवर दोघांनी काठावरच्या किड्यांवर भागवले आणि यथावकाश घरट्यात तीन पिल्ले झाली. तिघांना मिळून एकच काम होते, ते म्हणजे चोच उघडून बसणे.

आता खाडीवर एक घार घिरट्या घालत असे. त्यामुळे बगळीला घरटे सोडून हलता येईना आणि तीन चोची एकट्या बगळ्याच्या भरवशावर आल्या. बगळ्याला त्याची मुळीच काळजी वाटली नाही. पहिल्या दिवशी मासे आणायच्या आधी त्याने काय केले असेल? तो तिवराच्या सर्वांत खालच्या फांदीवर बसला आणि त्याने खाडीवरच्या पक्ष्यांना मासेमारी शिकवायला घेतली. चारही नियम सांगितले. पाणकावळ्याला तो म्हणाला की तुझी चोच टोकाला वाकडी आहे, अशा अवजाराने मासा पकडणे म्हणजे कोयत्याने सुई ओवणे. खंड्याला म्हणाला की वरून धाडकन उडी मारणे हे उतावळेपणाचे लक्षण आहे. दोघांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ऐकता ऐकता पाणकावळा दोनदा आणि खंड्या तीनदा पाण्यात जाऊन जेवून आला.

मग बगळा कामाला लागला. सकाळच्या उन्हात त्याला गुडघाभर पाण्यात एक छान दगड सापडला, आणि सावली मागे टाकून तो एका पायावर उभा राहिला. थोड्या वेळाने पाणी घोट्यापर्यंत आले. मग नखापर्यंत आले. मग पाणी शंभर हात लांब निघून गेले आणि बगळा चिखलात उभा राहिला. नियम तिसरा, हलू नये. खंड्याने अगदी आदराने चौकशी केली, की आता इथे मासा चालत यायचा आहे का. गेलेले पाणी दुपारी परत आले. आधी घोटा, मग गुडघा, मग पोट, मग छाती. बगळा हलला नाही, पण पाण्यानेच त्याला उचलले आणि लाकडाच्या ओंडक्यासारखे वाहवत नेऊन पलीकडच्या झुडपात टाकले. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा त्याच्या चोचीत आठ पायांचा एक कोळी होता, आणि तोही मेलेला.

"इथलं पाणी चंचल आहे," तो बगळीला म्हणाला. "त्याला शिस्त नाही."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला तो पुन्हा हजर झाला, तर कालच्या जागी पाणी कालच्यापेक्षा जास्त. तो काठाजवळ सरकून उभा राहिला आणि त्याने चौथा नियम काढला. सहा टपोरे नाकतोडे त्याने मेहनतीने पकडून आणले होते. एक पाण्यावर सोडला. तळ्यात नाकतोडा सोडला की तो जागच्या जागी गिरक्या घेई. इथे ओहोटी लागलेली. नाकतोडा निघाला तो थेट खाडीच्या वळणापर्यंत गेला. बगळ्याने दुसरा सोडला, तिसरा सोडला. सहाही गेले. वळणावर एका खुंटावर खंड्या बसला होता. प्रत्येक नाकतोड्यामागे एक मासा वर येई आणि प्रत्येक माशावर खंड्याची उडी पडे.

संध्याकाळी खंड्या मुद्दाम घरट्यापाशी येऊन आभार मानून गेला. जाताना म्हणाला, "उद्या जमलं तर जरा लवकर सोडा."

तिसऱ्या दिवशी तर बगळ्याला त्याचा दगडच सापडला नाही, कारण तो पाण्याखाली गेला होता. अर्धी सकाळ त्याने माशाऐवजी दगड शोधण्यात घालवली. तो रिकाम्या चोचीने परतला, तेव्हा घरट्यात दोनच चोची उघडल्या. सर्वांत धाकट्या पिल्लाने मान वर केली नाही. ते काड्यांवर हनुवटी टेकून पडून होते. बगळ्याने त्याला चोचीने हलकेच ढोसले, पण ते नुसते डोळे मिटून राहिले. 

बगळी ओरडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही घार बघा. मी जाऊन येते."

बगळी दगडावर उभी राहिली नाही. ती चिखलाच्या कडेला जाऊन बसली आणि नुसती पाण्याकडे बघत राहिली. जवळच्या बिळात एक म्हातारी कुर्ली, म्हणजे खेकडीण, राहत असे. बिळाबाहेर तिचे फक्त दोन डोळे दिसत. बगळीने तिला विचारले, की आई, या पाण्याचे असे काय आहे?

"लांबसून बोल गो बाय, तुझी चोच माका दिसता," कुर्ली म्हणाली. मग बगळी चार पावले मागे सरकली, तेव्हा ती पुढे बोलली. "पाणी रोज दोन घटका उशिरा येता नि उशिरा जाता. त्येका सूर्याचो हिशोब नाय. पाणी गेला की त्या खडपामागे डबकी रवतत, थंयच बोयची पोरां अडाकतत. तू थंय जा. आनी पोट भरला की आमच्याकडे बघू नको."

बगळी पाणी उतरायची वाट बघत थांबली आणि मग खडपामागे, म्हणजे त्या मोठ्या खडकामागे, गेली. तिथल्या एका डबक्यात चांदीच्या तुकड्यांसारखे बोय मासे गर्दी करून फिरत होते. त्यांना पळायला जागाच नव्हती. ती दोन मासे घेऊन घरट्यावर आली. धाकट्याने आधी अर्धा मासा गिळला, मग उरलेला गिळला, आणि मग भावंडांच्या वाट्याच्या माशासाठी असा काही गलका केला की घारसुद्धा जरा लांब गेली. बगळ्याने तोंड फिरवून पंख साफ करायला घेतले. ते पंख स्वच्छच होते.

"दिवसाला दोन ओहोट्या," बगळी म्हणाली. "एक माझी, एक तुमची. माझ्या एकटीच्या फेऱ्यांनी तिघं जगायची नाहीत. जाऊन कुर्लीला विचारा."

बगळा गेला, पण वाटेत दोनदा परत फिरला. शेवटी बिळासमोर उभा राहून तो घसा खाकरून म्हणाला की तळ्याच्या आणि खाडीच्या मासेमारीत काही किरकोळ फरक आहेत असे त्याच्या लक्षात आले आहे, आणि त्याबाबत विचारविनिमय करता आला तर बरे. कुर्लीचे दोन्ही डोळे आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"माका सांगू नको," ती म्हणाली. "ज्या फांदयेर बसान सगळ्यांका शिकवलंस, त्याच फांदयेर बसान सांग. मगे ये."

ही अट बगळ्याला चिखलापेक्षा खोल वाटली. तो तिथेच उभा राहिला. मग त्याला घरट्यातली ती मिटलेली चोच आठवली, आणि तो उडून खालच्या फांदीवर जाऊन बसला. पाचवा नियम ऐकायला मिळणार म्हणून पाणकावळा आणि खंड्या लगबगीने आले.

"मला खाडीत मासा पकडता येत नाही," बगळा म्हणाला. "तीन दिवसांत मी एकही पकडला नाही. माझी पिल्लं उपाशी होती. मला कोणी शिकवाल का?"

पाणकावळ्याने आपली वाकडी चोच पंखाला पुसली आणि तो म्हणाला, "आमका पयल्याच दिवशी कळला होता रे. तू विचारशील म्हणान थांबलो होतो."

त्यानंतर सगळे एकदमच शिकवू लागले. खंड्या उडी मारायला सांगू लागला, पाणकावळा बुडी मारायला सांगू लागला, आणि बगळ्याने त्याच दुपारी दोन्ही करून पाहिले. ते दृश्य खाडीवर बरेच दिवस गाजले. शेवटी कुर्लीचे डबकेच त्याच्या कामी आले. पहिला बोय चोचीत आला, तेव्हा बगळ्याने तो कसा पकडला हे कोणालाही सांगितले नाही. तो सरळ घरट्याकडे गेला.

पिल्ले मोठी झाली, उडू लागली. पाऊस संपता संपता बातमी आली की गावकऱ्यांनी तळ्यातली जलपर्णी उपसून काढली आहे. बगळा-बगळी तिन्ही मुलांना घेऊन जुने घर दाखवायला गेले. ओळखीचे बेडूक जमले. बगळा काही बोलायच्या आत त्याचा धाकटा मुलगा चपट्या दगडावर जाऊन उभा राहिला आणि त्याने छाती फुगवली.

"सगळ्यांनी काठावर बसून घ्या," तो बेडकांना म्हणाला. "घाई करू नका. आत्ता पाणी जाईल, मग मासे डबक्यात अडकतील. नियम आहे."

बेडूक बसले. ऊन डोक्यावर आले, कलले. पाणी जागचे हलले नाही. धाकटाही हलला नाही.

बगळीने नवऱ्याकडे पाहिले. "कुणावर गेलाय हा?" तिने विचारले.

बगळा उडून मुलाशेजारी जाऊन उभा राहिला, आणि दोघांच्या सावल्या मागे पडल्या. चारही नियम त्याच्या चोचीत आले होते, ते त्याने गिळले.

"बाळा," तो हळूच म्हणाला, "इथल्या कुणाला काही विचारलंस का?"

तात्पर्य : एका पाण्यातला गुरू दुसऱ्या पाण्यात विद्यार्थीच असतो, हे ज्याला लवकर कबूल करता येते, त्याची पिल्ले उपाशी राहत नाहीत.