नावाड्याचे डोळे

फार वर्षांपूर्वी जपानातल्या एका नदीकाठी गेन्साई नावाचा चित्रकार राहायचा. पुरात बुडालेल्या एका नावाड्याचं चित्र तो काळ्या शाईनं काढत होता. मधोमध नावेत नावाडी, एका काठावर त्याची आई ओताकी, दुसऱ्या काठावर बायको सायो. सगळं रेखाटून झालं, पण नावाड्याचे डोळे काढायच्या आधीच गेन्साईनं कुंचला खाली ठेवला.

कुंचल्याला राहवेना. "दोन ठिपके तर द्यायचेत! हा बघतोय तरी कुणाकडे?"

"मलाही ठाऊक नाही," शाई म्हणाली. "पण मी एकदा कागदात मुरले की परत निघत नाही. घाई नको."

"मी देतोच ठिपके," म्हणत कुंचला कागदाकडे घरंगळला. शाई मात्र त्याच्या केसांना घट्ट धरून राहिली. तिनं एक थेंबही खाली पडू दिला नाही.

तेवढ्यात ओताकी आणि सायो स्वतः चित्र बघायला आल्या. नावाडी गेल्यापासून त्यांच्यात अबोला होता. 'पुरात त्याला हिनंच जाऊ दिलं,' असं दोघींच्याही मनात होतं.

"त्याची नजर कुणाकडे वळवू?" गेन्साईनं विचारलं.

दोघींनी डोळ्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग ओताकी म्हणाली, "सूनबाईकडे." आणि त्याच वेळी सायो म्हणाली, "आईंकडे."

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. सायोला रडू फुटलं. ओताकीनं तिला जवळ घेतलं.

गेन्साईनं कुंचला उचलला आणि पाण्यात बुडवून धुऊन टाकला. डोळे न काढलेलं ते चित्र दोघींनी दोन बाजूंनी धरून घरी नेलं.