लवणराजाची पालखी

एका राज्यात डोंगर इतके दाटीने उभे होते की ढगांनाही अंग चोरून जावं लागे. तिथे माणसांपेक्षा गाई अधिक होत्या, आणि गाईंपेक्षा मानपान अधिक. राजाचं नाव तुंगसेन. त्याच्या खजिन्यात हिरे होते, माणकं होती, पण सर्वांत थोर होता तो लवणराज. लवणराज म्हणजे रांजणाएवढा मिठाचा खडक, सोन्याच्या जाळीत बसवलेला. कुठल्या गोठ्यात जनावर आजारी पडलं की त्याची पालखी निघे. पुढे शिंग वाजे, मागे राजमांत्रिक जटाकर्ण दाढी सावरत चाले. सर्वांत आजारी गाईला पहिल्या चाटण्याचा मान मिळे. मग बाकीच्या चाटत, मग शेजारचा गोठा, मग पुढची वाडी. लवणराज धुवायचा नाही, पुसायचा नाही, असा सात पिढ्यांचा दंडक होता.

त्या साली गाईंना लाळ्या-खुरकूत झाला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, खुरं सुजली, दूध आटलं. पालखीला उसंत मिळेना आणि रोगालाही मिळेना.

जटाकर्णाने डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "महाराज, हा रोग रानगव्यांनी आणला."

राजाने आज्ञा काढली : तिसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर येताच रान पेटवावं, गवे मारावेत, आणि ज्या गोठ्यात गव्याने तोंड घातलं तिथली जनावरंही मारावीत.

दवंडी डोंगरवाडीत पोचली तेव्हा गोजरा शेण काढत होती. गवळ्याच्या या घरात ती सून होऊन आली त्याला तीन महिने झाले होते. तिच्यासोबत आंदण म्हणून आली होती कवळी गाय. मागच्याच आठवड्यात एका गव्याने कुंपणावरून मान घालून अर्धा कडबा खाल्ला होता, आणि तो अख्ख्या वाडीने पाहिला होता. कवळी तोंडातून लाळ गाळत गोजराकडे बघत होती.

"आत्याबाई, मी दरबारात जाऊन येते," गोजरा म्हणाली.

सासूच्या हातातली घमेली तिथेच राहिली. "तू? अगं, तुला शेजारी विरजण मागायला पाठवलं तर रिकामी वाटी घेऊन येतेस!"

"त्यांच्याकडे विरजण नव्हतं."

"विचारलंस?"

"नाही. दिसत होतं."

दरबारात तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि खांबाकडे बघत म्हणाली, "महाराजांना म्हणावं, गव्यांचा दोष नसावा."

"आम्ही समोरच आहोत," राजा म्हणाला.

"तर मग समोरच्यांना म्हणावं."

राजाने मिशी चाचपली. "मांत्रिकाचा शब्द खोडायचा तर तीन कामं करावी लागतात. गाय आणि गवा या दोघांच्या पाठीवर बसलेला साक्षीदार आण. गव्यांच्या राजाच्या खुराखालची माती आण. आणि रोगाला हाताला धरून इथे हजर कर. मुदत परवा सकाळची."

पहिलं काम सोपं होतं, कारण साक्षीदार रोज गोठ्यातच येई. गायबगळा कवळीच्या पाठीवर एका पायावर उभा होता.

"बगळेदादा, साक्ष द्याल?"

"देईन. पण पाठीवर बसतो म्हणून मला कुणाचा चाकर समजू नका," बगळा म्हणाला. "पालखी वरच्या वाडीत आली सोमवारी, गाई लाळ गाळू लागल्या शुक्रवारी. खालच्या वाडीत आली पुढच्या सोमवारी, तिथेही शुक्रवार. खिंडीतले गवे लंगडले ते त्यानंतर. आधी गाई, मग गवे. मला सगळं ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मांत्रिक डोळे मिटून बघतो. त्याला उघड्या डोळ्यांचा साक्षीदार कशाला?"

दुसऱ्या कामाला भलेभले शिकारी कचरले असते. गव्यांच्या राजाला नजरेला नजर दिलेली खपत नाही. जो बघतो तो शिंगावर जातो. पण गोजराला तीन महिने मान खाली घालून वावरायची सवय झाली होती. ती खिंडीत गेली, गव्याच्या पांढऱ्या पायमोज्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "थोडी माती हवी होती."

गवा बराच वेळ फुरफुरला. एवढं वळण असलेलं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

"ने," तो म्हणाला. "आणि तुमच्या भोयांना सांग, भाकरी खायला दुसरी जागा बघा. पालखी इथे टेकवतात आणि झोपी जातात. आमची वासरं तो दगड चाटतात. आता त्यांना चारा गिळवत नाही."

गोजराने माती पदरात बांधली. आता तिसऱ्या कामाला कुठे जायचं, हे तिला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. फेरीवरून आलेली लवणराजाची पालखी सिंहासनाशेजारी टेकवली होती. बगळ्याने साक्ष दिली, मातीही ठेवली गेली. शिकारी मशाली घेऊन दाराशी उभे होते.

"आणि रोग?" राजाने विचारलं.

"तो आधीच आलाय," गोजरा म्हणाली. "पालखीतून." तिने लवणराजाकडे बोट दाखवलं.

जटाकर्ण ओरडला, "पाखंड! लवणराज म्हणजे औषध!"

"मग महाराजांनी आपली लाडकी नंदा गाय आणावी. तिने आत्ताच्या आत्ता हा चाटावा."

नंदा गुलाबपाण्याने न्हायची आणि चांदीच्या ताटलीतलं मीठ खायची. राजाने लवणराजाकडे पाहिलं. जाळीतून लाळेचे ओघळ गळत होते, वर माश्या बसल्या होत्या.

"आमची नंदा?" राजा पुटपुटला. "ती... ती आज उपाशी आहे. म्हणजे, तिचं पोट भरलंय."

कुणीतरी खोकलं. कळायचं ते सगळ्यांना कळलं. राजालाही.

"गरम पाणी आणा," तो हळूच म्हणाला.

"महाराज, दंडक!" जटाकर्ण कळवळला.

"आणि राख आणा. भरपूर."

उकळतं पाणी पडताच खडक विरघळू लागला आणि आतून बेडकाएवढा एक राक्षस बाहेर पडला. त्याचं नाव लाळासुर. एका सुगरणीच्या शापाने तो मिठात अडकला होता आणि सात पिढ्यांच्या लाळेवर गब्बर झाला होता.

"काय हा अपमान!" लाळासुर म्हणाला. "आजवर पालखीतून फिरलो. आता काय पायी जाऊ?"

गोजराने पदराचं टोक हाताला गुंडाळलं, त्याला मनगटाला धरलं आणि राजापुढे उभं केलं. "हाताला धरून आणायला सांगितलं होतं." मग तिने त्याला राखेच्या घमेलीत सोडलं. तो एकदा शिंकला आणि राखेत राख झाला.

सुगरणीचा शाप संपला. मशाली विझवल्या गेल्या. राजाने नवी आज्ञा काढली : प्रत्येक गोठ्याला आपापला मिठाचा खडा मिळेल. आजारी गोठ्यात एकवीस दिवस कुणी जायचं नाही, तिथून कुणी यायचं नाही. आणि खिंड गव्यांची.

राहता राहिला जटाकर्ण. त्याची दाढी राज्यातल्या प्रत्येक गोठ्यात लोळली होती, म्हणून ती उतरवून पुरण्यात आली. मग एकवीस दिवस त्याला डोंगरवाडीतच कोंडण्यात आलं, आणि काम मिळालं कवळीला पेज भरवायचं. कवळी अर्धी पेज पिई आणि अर्धी त्याच्या अंगावर शिंकरी.

विसाव्या दिवशी तिने पेजेकडे पाठ फिरवली, कडब्याची पेंढी ओढली आणि करकर चावायला लागली. गोजरा उंबऱ्यात बसून तो आवाज ऐकत राहिली. हाक आली तरी उठली नाही.

ज्यांच्या दारी गाई असतील त्यांच्या गाई अशाच रवंथ करोत. ज्यांच्या दारी नसतील, त्यांनी निदान दूध उकळून प्यावं.