बोलक्या आडाची राखण

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पक्षी माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत, यावरूनच किती जुनी ते समजा.

एका डोंगराळ राज्यात एक गाव होतं. त्या गावात प्रत्येक घरामागे एक आड होता आणि प्रत्येक आड बोलका होता. जमिनीखाली एकच मोठा झरा होता आणि राज्यातले सगळे आड त्याला जोडलेले होते. इथे काठावरून वाकून कुणी बोललं की ते दूर समुद्राकाठच्या गावातल्या आडावर ऐकू जाई आणि तिथून उत्तर येई.

मुलांची तर चंगळच झाली. कुणी आडावर पाढे शिकलं, कुणी ताऱ्यांची नावं, कुणी शंख कसा फुंकायचा ते. मोठी माणसंही काही कमी नव्हती. पाणी शेंदायला म्हणून जायची आणि चार गावांच्या भानगडी ऐकून रिकामीच घागर घेऊन परतायची.

पण झऱ्याला गाळणी नव्हती. चांगले आवाज यायचे तसे वाईटही यायचे. त्यातला एक आवाज फार गोड होता. तो मुलांना म्हणे, "अजून थोडं वाक ना, तुला एक गंमत दाखवतो. आणि घरी सांगू नकोस हं." शेजारच्या गावातली एक मुलगी अशीच वाकत वाकत आत पडली. लोकांनी वेळेवर दोर टाकून तिला वर काढलं म्हणून निभावलं. ही बातमी आली आणि गावातल्या आईबापांची झोप उडाली.

त्या गावात एक रंगारी राहत होता. निळीचं काम करून करून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. कुसुंबी नावाची त्याला एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. रंगारी मनाने भला, पण बोलायला अगदी कच्चा. बायको गेल्यापासून त्याने घरात तिचा विषयच काढला नव्हता. बोललो तर पोर रडेल, असं तो स्वतःला सांगे. खरं तर आपणच रडू, अशी त्याला भीती होती.

शेजारच्या गावची बातमी ऐकून रंगारी आठवडी बाजारात गेला. तिथे राखणदारांची एक नवी ओळच लागली होती. कुणी लोखंडी झाकणं विकत होतं, कुणी कुत्रे. कुंभाराने आधीच एक कुत्रा नेला होता. तो प्रत्येक आवाजावर भुंके. पाढ्यांवरही भुंके आणि ताऱ्यांच्या नावांवरही. दोन दिवसांत घरच्यांनी कानांत कापसाचे बोळे घातले. मग तो कशावर भुंकतोय हे बघायला कुणी उठेनासंच झालं.

सगळ्यात जास्त गर्दी होती ती पोपटवाल्यापुढे. तो ओरडत होता, "झाडावर लपवून बसवा! पोर आडात जे जे बोलेल, ते ते संध्याकाळी तुमच्या कानात सांगेल. पोराला पत्तासुद्धा लागणार नाही!"

रंगाऱ्याला हे पसंत पडलं. त्याने एक सुरेख रंगवलेलं पागोटं देऊन पोपट घेतला आणि परसातल्या लिंबावर लपवून बसवला.

पोपट कामाला चोख होता. संध्याकाळी तो म्हणे, "मालक, आज कुसुंबी समुद्राकाठच्या मैत्रिणीला म्हणाली, आमच्या बाबांची भाजी रोज करपते." दुसऱ्या दिवशी म्हणे, "मालक, आज ती म्हणाली, आईचा चेहरा आठवतो पण आवाज आठवत नाही. मग रडली."

भाजीचं रंगाऱ्याच्या मनाला लागलं. आवाजाचं तर फारच लागलं, पण त्यावर काय बोलावं हे त्याला सुचेना. मग माणसं करतात तेच त्याने केलं. अवघड गोष्ट बाजूला ठेवली आणि सोपी काढली. जेवताना फणकाऱ्याने म्हणाला, "करपलेली आहे हो भाजी! आवडत नसेल तर राहू दे."

कुसुंबीच्या हातातला घास तसाच राहिला. आपलं आडावरचं बोलणं कुणीतरी बाबांना सांगतंय, हे तिला कळलं. त्या दिवसापासून ती घरच्या आडाकडे फिरकेनाशी झाली. पोपट रोज सांगू लागला, "मालक, सगळं शांत आहे." आणि आपल्या रंगाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं, चला, पोर सुखरूप आहे!

एक दिवस कुसुंबीचा परकर धुताना त्याला त्यावर कुसळं रुतलेली दिसली. तशी कुसळं गावात कुठेच नव्हती. ती होती माळावर, जिथे एक जुना पडका आड होता आणि जिकडे कुणी जात नसे. रंगाऱ्याने परकर तसाच टाकला आणि कुसुंबीला गाठलं.

"कुठे गेली होतीस गं?" त्याने विचारलं.

"कुठे नाही," ती खाली बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पोपट घेऊन रंगारी तावातावाने तिथे गेला. पोपटवाला म्हणाला, "पोपटात काय खोट आहे? तो ऐकलं ते सांगतो. पोर दुसऱ्या आडावर जाते म्हणता? मग आणखी एक पोपट न्या की!"

रंगाऱ्याने पोपट तिथेच ठेवला आणि चालू लागला. ओळीच्या अगदी टोकाला एक म्हातारी बसली होती. तिच्यासमोर एक टिटवी एका पायावर उभी होती. तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून कुणी नव्हतं.

"आजी, ही काय काय करते?" रंगाऱ्याने विचारलं.

"ते मागाहून. आधी तू सांग, राखण कशाची करायची आहे? आडाची का लेकराची?"

"माझ्या पोरीची."

"मग तिला सांगून का चोरून?"

रंगाऱ्याने मान खाली घातली. तेव्हा टिटवी स्वतःच बोलली. "रंगारीदादा, मी कुणाचं बोलणं ऐकत नाही. मी पाय बघते. काठावर वाकलेल्या मुलाच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या की मी ओरडते. त्याने मूल सावध होतं आणि तुम्हालाही कळतं."

"आणि मग?"

"मग काय? माझे पाय काडीएवढे. मला काही लेकराला धरून ठेवता यायचं नाही. पुढचं काम तुमचं. पण माझ्या अटी आहेत. मी कोण आणि कशासाठी आले, हे लेकराला माहीत हवं. मी ओरडले की हातात काहीही असो, ते टाकून यायचं. आणि आल्यावर पहिला शब्द रागाचा नको."

म्हातारी हसली. "टिटवीचं ओरडणं अपशकुनी, असं म्हणून लोक निघून जातात. ते आपलं निमित्त रे. या अटी कुणाला नको असतात."

रंगाऱ्याने तिन्ही अटी कबूल केल्या. मग त्याने टिटवीला खांद्यावर घेतलं.

घरी येताच त्याने कुसुंबीला समोर बसवलं. शब्द जुळवता जुळवता त्याला घाम फुटला. "कुसुंबे, मी लिंबावर पोपट ठेवला होता. तुझं बोलणं चोरून ऐकलं. चुकलं माझं. तू माळावरच्या आडावर जातेस हेही मला कळलंय. नको जाऊ म्हटलं तर तू लपून जाशील. म्हणून एवढंच सांगतो, जाशील तिथे हिला बरोबर ने."

कुसुंबीने टिटवीकडे संशयाने बघितलं. "ही चहाड्या करणार?"

"मला तुझ्या गप्पांशी काय करायचंय?" टिटवी म्हणाली. "मला तुझ्या टाचांची काळजी."

कुसुंबीला हसू आलं. पण माळावर ती कशासाठी जाते, हे मात्र तिने सांगितलं नाही.

पुढे काही दिवसांनी राजवाड्यातून राणीचा शेला रंगवायला आला. असं काम रंगाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. निळीचं काम मोठं नाजूक. कापड रांजणात घातलं की ते सारखं हलतं ठेवायचं. मध्येच सोडलं की डाग पडले आणि मेहनत मातीला मिळाली. भर दुपारी रंगाऱ्याने शेला रांजणात सोडला, बाह्या वर सारल्या आणि तो मन लावून कापड हलवू लागला.

तेवढ्यात माळावरून टिटवीचा कर्कश आवाज आला.

रंगाऱ्याने एकदा रांजणाकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, त्याचा हात क्षणभर आतच राहिला. मग शेला तसाच टाकून तो धावत सुटला. ठेच लागली तरी तो थांबला नाही.

माळावर पोचला तर कुसुंबी पडक्या आडाच्या काठावर पोटावर रेलली होती. तिचे पाय हवेत होते. टिटवी तिच्याभोवती घिरट्या घालत ओरडत होती. आडातून तो गोड आवाज येत होता, "तुझे बाबा आले बघ. आता मार बसणार. ते पोचायच्या आत ये, सोनुली, उडी घे."

कुसुंबीने मान वळवून बापाकडे बघितलं. ती भेदरून गेली होती.

रंगाऱ्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, कार्टे, मरायचंय का तुला! पण त्याने ते गिळलं. आहे तिथेच तो मातीत गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही निळे हात पुढे केले.

"कुसुंबे, मी रागावलो नाही गं. ये."

आडातला आवाज आणखी काय काय म्हणत राहिला. कुसुंबीने ते ऐकलं नाही. तिने आधी एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. आणि धावत येऊन ती बापाच्या गळ्यात पडली.

मग तिने हुंदके देत सगळं सांगितलं. तो आवाज म्हणे, तुझी आई इथे खालीच आहे, तिचा आवाज तुला ऐकवतो. आधी त्याने आईची फणी टाकायला सांगितली. मग पैंजण. आज म्हणाला, नीट ऐकायचं असेल तर तूच खाली ये.

रंगाऱ्याने तिला घट्ट धरलं. तो म्हणाला, "मलाही तो आवाज ऐकावासा वाटतो गं. रोज वाटतो. पण तो आडात नाही. मीच तुझ्याशी तिच्याबद्दल कधी बोललो नाही, म्हणून तुला इथे यावं लागलं."

आणि तिथेच, त्या माळावर बसून, त्याने तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगितल्या. रंग कालवताना ती गुणगुणायची आणि सूर इतके चुकायचे की दारावरून जाणारी माणसं हसायची. ती मात्र आणखी मोठ्याने गायची. रंगाऱ्याने ते गाणं म्हणून दाखवलं, सगळे चुकीचे सूर धरून. कुसुंबी रडता रडता हसली आणि ओरडली, "आठवलं! बाबा, मला आठवलं!"

उन्हं उतरल्यावर दोघं घरी आली. शेल्यावर ढगांसारखे डाग पडले होते. राजवाड्याचा कारभारी संतापला आणि राणीचं काम दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेलं. ते वर्ष बापलेकींनी चटणी-भाकरीवर काढलं. गावकऱ्यांनी माळावरच्या आडाला उंच कठडा बांधला आणि आपापल्या मुलांना समोर बसवून त्या गोड आवाजाबद्दल उघड उघड सांगितलं. घरचे आड मात्र कुणी बुजवले नाहीत. त्यातून पाढे येत होते, तारे येत होते, दूरदूरचे सोबती येत होते.

आपलं मोठं काम गेलं याची हळहळ रंगाऱ्याला वाटली नाही. त्याचं मन नुसतं भरून येत होतं. बाजाराच्या दिवशी तो म्हातारीकडे गेला आणि तिच्या पाया पडला. घरी येऊन त्याने टिटवीसमोर हात जोडले. "तुझे उपकार मी कसे फेडू?"

"मी फक्त ओरडले," टिटवी म्हणाली. "धावत तुम्ही आलात. आणि टाचा टेकवल्या त्या तिने. आभार मानायचे तर तिचेही माना."

बापाने लेकीचे आभार मानायचे, ही त्या गावात नवीनच रीत होती. पण रंगाऱ्याने मानले. "तू माझ्याकडे परत आलीस, पोरी," तो म्हणाला आणि त्याने तिला जवळ घेतलं.

पुढे पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी, तो रांजणाशी काम करत होता. परसातून हाक आली. ती टिटवीची नव्हती. टिटवी आडाजवळ शांतपणे डुलकी घेत होती. कुसुंबीच हाक मारत होती, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून.

"बाबा, जरा इकडे या ना. एक आवाज आलाय. काहीतरी विचित्रच विचारतोय मला."

रंगाऱ्याने कापड तसंच सोडलं. परसाकडे धावता धावता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काळजी वाटत होती, पण त्याहून जास्त आनंद वाटत होता, कारण या वेळी लेकीने स्वतः त्याला बोलावलं होतं.

तात्पर्य: लेकरांसाठी राखणदार जरूर ठेवावा, तो त्यांच्या देखत ठेवावा, आणि हाक आली की न रागावता धावून जाण्याचं काम मात्र स्वतःकडे ठेवावं.