हिमातली शेवंती

फार पूर्वी उगवतीच्या समुद्रात, जपान बेटावरल्या हियोका नगरात तोशिहितो राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवाड्यात फुले मांडणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव मासाफुसा.

साठी उलटल्यापासून राजाने म्हातारपणाची धास्तीच घेतली होती. वाड्यातले सगळे आरसे त्याने काढून टाकले. जणू सुरकुत्या आरशातच राहतात! त्या देशी नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा सण असे. आदल्या संध्याकाळी फुलांवर कापूस पांघरायचा आणि सकाळी दवाने भिजलेला तो कापूस तोंडावरून फिरवायचा. त्याने आयुष्य वाढते, अशी लोकांची श्रद्धा. राजाने मासाफुसाला बजावून ठेवले होते, "दवाचा कापूस आला नाही तर तुझे हात तोडीन."

त्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी थंडीचा कडाका पडला. कापसाचे गाठोडे घेऊन मासाफुसा पांढऱ्या शेवंतीच्या वाफ्यांकडे निघाला, तर कुंपणाजवळ पेंढ्यात एक बाई पडलेली. ताझू तिचे नाव, चटया विणणाऱ्याची विधवा. वाटेतच बाळंत झाली होती आणि कुशीतली पोर निळी पडत चालली होती.

"दादा, माझं राहू द्या, हिच्यावर काहीतरी घाला हो," ती म्हणाली. "फाटकं असलं तरी चालंल."

मासाफुसाने स्वतःच्या हातांकडे पाहिले. त्याचे पोट या हातांवर होते, आणि जीवही या हातांतच होता. त्याला भीती वाटली. तरी त्याने गाठोडे सोडले. अंगरखा आईवर घातला, सगळा कापूस तान्हीभोवती गुंडाळला आणि दोघींना घरी शेकोटीपाशी नेले. पोर ट्यां करून रडली, तेव्हा त्यालाही रडू आवरेना.

पहाटे तो बागेत गेला तो मेलेली फुले पाहायची या तयारीने. पाहतो तर काय! हिमाने पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. उमलताना या फुलांना जो रंग नव्हता, तो उतरताना आला होता. मासाफुसा थक्क होऊन उभा राहिला. आपले हात जाणार आहेत, हेही तो घटकाभर विसरला. मग त्याने तीन देठ पाण्यात बुडवून कापले. एक कळी, एक ऐन भरातले फूल आणि एक हिम खाल्लेले. काशाच्या पात्रात त्याने ते तिसरे सर्वात उंच उभे केले.

कापूस आला नाही म्हणून राजा तणतणत आला. पण मांडलेल्या फुलांपुढे गुडघे टेकल्याखेरीज कोणी बोलायचे नाही, ही रीत राजालाही होती. त्याने गुडघे टेकले, मान वर केली आणि त्याची नजर सर्वात उंच फुलावर गेली.

"हे कुठले फूल?" त्याने हलकेच विचारले.

"आपल्याच बागेतले, महाराज. हिमात उघडे राहिले."

"आणि माझा कापूस?"

"एका तान्ह्या मुलीचे आयुष्य वाढवायला दिला." मासाफुसाने दोन्ही हात पुढे केले. "हात हजर आहेत."

राजाने जांभळ्या पाकळीला बोट लावले, मग स्वतःच्या गालाला. "म्हातारे झाल्यावर फूल असे दिसते?"

"होय, महाराज."

राजाने पुढे आलेले ते हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकवले. त्याचे डोळे वाहत होते. "मला त्या मुलीकडे घेऊन चल," तो म्हणाला.

एवढे सांगून भगवान शास्ता भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे हा आनंद. ती बाळंतीण महाप्रजापती गौतमी, तान्ही मुलगी उत्पलवर्णा, आणि फुले मांडणारा मी होतो. देताना ज्याला भीती वाटली आणि तरीही ज्याने दिले, त्याच्या देण्यालाच दानपारमिता, दानाची पराकाष्ठा, म्हणावे."